घरात लावण्यापुरता फोटो

क्वीनबियन
९ जून १९९७

आदरणीय लेसिएली आत्या,

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. बाबा वारल्यानंतर एप्रिलमध्ये त्यांचा फोटो पाठवताना मी लिहिलं होतं, 'हा आता आपला आहे, तुम्हाला हवा तसा वापरा.' ते बरोबर नव्हतं. आपल्या आहेत त्या फक्त कागदावरच्या प्रती. फोटो अजूनही मिसेस पिकेट यांचाच आहे. त्यांनीच तो काढला.

मला हे मागच्या आठवड्यात कळलं. मामाला एक प्रत हवी होती म्हणून मी त्यांच्या स्टुडिओत गेले होते. घरी आहे त्याचीच नक्कल कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मशीनवर काढली तर चालेल का, असं सहज विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पावतीच्या मागच्या अटी वाचायला दिल्या. दोन वर्षांपूर्वी बाबांनीच त्याखाली सही केली होती. फोटो घरात लावायला, नातेवाइकांना द्यायला, चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ठेवायला हरकत नाही. पण एखाद्या वस्तूवर छापायचा आणि ती वस्तू विकायची, तर त्यांची परवानगी लागते. निगेटिव्हही त्यांच्याकडेच राहते.

मी म्हटलं, "पण आम्ही पैसे दिलेत ना?"

"ते घरात लावण्याचे," त्या म्हणाल्या. रागाने नाही. हेच उत्तर त्या बहुतेक रोज कुणा ना कुणाला देत असणार.

मला फार लाज वाटली. शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं, आणि तेव्हाच बजावलं होतं की जे नीट माहीत नाही ते लिहायचं नाही. तरी मी लिहिलं.

मार्चमधल्या पत्रात तुम्ही व्हॅनिलाच्या नव्या पाकिटांबद्दल लिहिलं होतं. मे महिन्याच्या पत्रात होतं, 'माझा भाऊ फिनेआसी आता बहिणीच्या कामाला येणार.' तेव्हा मला गंमत वाटली. आता धडकी भरली आहे. बाबांचा फोटो पाकिटावर छापायचं तुमच्या मनात असेल तर कृपा करून थांबा. चूक माझी आहे, तुमची नाही.

आई खाली दोन ओळी लिहिते आहे.

तुमची
तोकिलुपे

*(आत्यांना प्रेम. इथे हिवाळा आला, दहिवर पडायला लागलंय. तब्येतीला जपा. – कालो)*

&nbsp;

नेइआफू, वावाउ बेट
३० जून १९९७

तोकी पोरी,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच पाकिटं नुकुआलोफाच्या छापखान्यातून बोटीने आली. आता काय, समुद्रात टाकू?

फिनेआसी मोठा रुबाबदार दिसतो. अंगात कोट, कमरेला सणाची चटई गुंडाळलेली, मान अशी ताठ की राजवाड्यात जेवायला बोलावलंय. बंदरात शिडाच्या होड्या लागल्या की गोऱ्या बायका येतात, पाकीट उचलतात, चेहरा बघतात, वास घेतात आणि दोन-दोन घेऊन जातात. गेल्या वर्षी हीच व्हॅनिला साध्या पिशवीत होती, तर वास घेऊन परत ठेवत होत्या. वास फुकट!

आता त्या बाईंचं. कोण ही पिकेट? फिनेआसीची बहीण आहे का? भावाच्या घरातलं जे आत्याला हवं ते आत्याचं, हे तुला मी सांगायला हवं? तुझ्या लग्नातला केक मी अख्खा उचलून नेला तरी तुला हसून दार उघडावं लागेल. तुझ्या बापाच्या डुकरांपासून त्याच्या शर्टापर्यंत काही मागायला मला कधी तोंड उघडावं लागलं नाही, आणि आता त्याच्या चेहऱ्यासाठी मी एका दुकानदारणीला विचारू?

तूच लिहितेस की घरगुती वापर चालतो. मग मी घरची नाही का? व्हॅनिलाच्या शेंगा मी माझ्या अंगणात वाळवते, माझ्या गोधड्यांत गुंडाळून ठेवते. याहून घरगुती काय असतं?

आपल्या गावचा सामिसोनी पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. त्याच्याबरोबर एक खोकं पाठवते. चर्चमधल्या बायकांना घ्यायला लाव. एक पाकीट तुझ्या आईला दे. तिला बरं वाटेल.

दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला लागल्यापासून तुला जिकडे तिकडे कीड दिसायला लागली आहे. जरा हसत जा.

आत्या

&nbsp;

क्वीनबियन
२८ जुलै १९९७

आदरणीय आत्या,

खोकं पोचलं. सामिसोनी स्वतः घेऊन आला, एवढ्या थंडीत उघड्या चपला घालून. आईने त्याला बाबांचे बूट दिले. पाकिटं चर्चच्या विक्रीच्या दिवशी सगळी गेली. सुलिआना मावशींनी आणि बाकीच्यांनी चहाबरोबरचे केकसुद्धा त्याच व्हॅनिलाचे केले होते. वास बाहेरच्या फाटकापर्यंत येत होता. सगळ्यांनी तुमचं नाव काढलं.

आई ठीक आहे. कामावर जायची घाई होती म्हणून या वेळी तिला दोन ओळी लिहायला जमलं नाही.

आत्या, तुमचा मान मला माहीत आहे. इथे वाढले म्हणून तो विसरले असं समजू नका. पण मिसेस पिकेट यांना तो माहीत नाही. त्यांच्या कागदात 'घर' म्हणजे ज्याने सही केली त्याचं घर, आणि विकलं की ते घरगुती राहत नाही, मग ते कुणीही विको. मी रोज बसने त्यांच्या दुकानावरून जाते. हल्ली त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाही. तुम्ही हसाल. पण चर्चमधल्या कुणाचं लग्न ठरलं की लोक फोटोसाठी त्यांच्याकडेच जातात, आणि कधीतरी कुणीतरी ते पाकीट कौतुकाने त्यांच्यापुढे धरेल. त्यापेक्षा त्यांना आपल्याकडून कळलेलं बरं. मी जाऊन सांगू का?

तोपर्यंत नवीन छापू नका. आणि त्या नाही म्हणाल्या तर आपल्याला थांबावंच लागेल, हो ना?

तुमची
तोकिलुपे

&nbsp;

नेइआफू
१८ ऑगस्ट १९९७

तोकी,

जा, सांग तिला. बसमध्ये तोंड लपवून बसायला तू काय तिच्या कोंबड्या चोरल्यास?

नाहीतरी आता तिचा कागद लागणारच आहे. ऑकलंडचा हॉल्स्टेड नावाचा व्यापारी इथे होडीने आला होता. त्याला माझी व्हॅनिला तिकडच्या आणि तुमच्याकडच्या दुकानांसाठी हवी आहे, दर वर्षी, या पाकिटासकट. पाकीट हातात घेऊन म्हणाला, "कोण हा?" मी म्हटलं, "माझा भाऊ." "असतो कुठे?" "वारला." तर लगेच टोपी काढली, आणि टोपी पुन्हा घालायच्या आत विचारतो, फोटो वापरायचा कागद आहे ना? हे सगळे एकाच ताटात जेवून मोठे झालेत बहुतेक. नोव्हेंबरच्या मध्याला तो परत येईल. तेव्हा कागद दाखवायचा. तू त्या बाईंशी गोड बोल, दोन पाकिटं दे, आणि घेऊन ये.

हे जमलं तर बंदरावर उन्हात बसून होड्यांची वाट बघणं माझं संपेल. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. सकाळी उठायचं तर आधी त्यांची मनधरणी करावी लागते.

आणखी एक. सामिसोनी परत आला. तो म्हणतो, विक्रीच्या दिवशी तुझी आई भांडी अर्धवट टाकून चर्चमधून निघून गेली. पत्राखाली तिच्या दोन ओळी नसल्या असं कधी होत नाही, आणि या वेळी नव्हत्या. आजारी आहे का? की मी खोक्यात तिच्यासाठी खोबरेल तेल ठेवलं नाही म्हणून रुसली? तिला सांग, पुढच्या वेळी नक्की.

आत्या

&nbsp;

क्वीनबियन
८ सप्टेंबर १९९७

आदरणीय आत्या,

शनिवारी मिसेस पिकेटकडे जाऊन आले. त्या आठवडाभर शाळेतल्या मुलांचे फोटो काढून थकल्या होत्या. पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मी पाकीट समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ते दिव्याखाली धरलं. "छपाई वाईट आहे," म्हणाल्या. "चेहरा लाल आलाय. माझं नाव घातलं नाही हे बरंच केलंत."

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात हलवला. "बस खाली. तुझे वडील मला आठवतात. दर फोटोनंतर उठून 'थँक यू' म्हणायचे आणि मला परत सगळं जुळवायला लागायचं."

खरं सांगते आत्या, त्या नाही म्हणतील म्हणूनच मी गेले होते. ते तुम्हाला कोणत्या शब्दांत कळवायचं हेसुद्धा बसमध्ये ठरवलं होतं. पण त्या म्हणाल्या, "व्हॅनिलाच ना? दारू-सिगरेट नाही ना? मग वापरा. मला काही नको. निगेटिव्हवरून चांगली प्रत काढून देते, ती तरी नीट छापा. या वयात मी कुणाकुणाच्या मागे धावू?"

मग त्यांनी एक कागद टाइप करून आणला. "एवढंच, की फोटो माझा असला तरी चेहरा माझा नाही. त्याबद्दल त्यांच्या घरच्यांनी सही करायला हवी. बायको, नाहीतर मुलगी."

मी विचारलं, "बहीण चालेल?"

"बायको असताना बहीण कशाला?"

माझ्या मागे एक जोडपं रडणारं बाळ घेऊन उभं होतं. तेवढ्यात त्यांना आत्या म्हणजे काय ते मी कसं सांगणार? कागद घेऊन आले. सहीची जागा कोरी आहे.

आता दुसरं. जुलैमध्ये मी 'आई ठीक आहे' असं लिहिलं, ते खरं नव्हतं. विक्रीच्या दिवशी भांड्यांची पाळी आईची होती. केक झाल्यावर बायकांनी रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. त्यांचं काही चुकलं नाही. रिकामं पाकीट आणखी कुठे टाकणार? आईने बटाट्याच्या साली टाकायला झाकण उघडलं तर आत बाबा होते. एकावर एक, सालींत, चहाच्या चोथ्यात. तिने हात घालून सगळी पाकिटं बाहेर काढली, नळाखाली धुतली, एप्रनच्या खिशात भरली आणि चालत घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही. पाकिटं तिने अजून टाकलेली नाहीत.

ती तुम्हाला हे कधी सांगणार नाही. तुम्ही नवऱ्याची बहीण आहात, तुमच्यापुढे ती तोंड उघडणार नाही. मलाही म्हणाली, "आत्यांना यातलं एक अक्षर लिहायचं नाही." मी लिहिते आहे, आणि हे तिला माहीत नाही.

तुमची
तोकिलुपे

&nbsp;

नेइआफू
२९ सप्टेंबर १९९७

तोकी,

तुझं पत्र वाचलं. उन्हातली व्हॅनिला आत घेतली आणि परत वाचलं.

कालोने पाकिटं धुतली ते वाचून मला वाईट वाटलं. तिला तसं सांग. नको, सांगू नकोस, तू लिहिलंस ते तिला कळेल.

आता माझं ऐक. फिनेआसीला मिसरूड फुटायच्या आधीच तो पोरांच्या झोपडीत झोपायला गेला. त्यानंतर ज्या खोलीत मी, तिथे तो नाही. मी पुढच्या दाराने आत आले की तो मागच्या दाराने बाहेर. कधी एका चटईवर बसलो नाही, एका ताटलीतलं खाल्लं नाही. बहीण-भावात मान असतो तो असा, आणि तो असायलाच हवा. तुला भाऊ नाही, तुला हे नुसतं ऐकून माहीत आहे. मी त्याला पाठीवरून ओळखायची. चालण्यावरून, खोकण्यावरून. तो विमानाने गेला तेव्हाही मी कुंपणापाशी उभी होते आणि तो मान खाली घालून माझ्यासमोरून गेला. वारला तेव्हा माझा व्हिसा वेळेत आला नाही. तुम्ही त्याला पुरून मोकळे झालात.

तू फोटो पाठवलास आणि मी पहिल्यांदा माझ्या भावाकडे बघितलं. त्याच्या डाव्या भुवईत फट आहे. आमच्या आईला होती तशीच. मला माहीत नव्हतं गं. एवढं आयुष्य गेलं आणि मला माहीत नव्हतं.

बंदरावर मी पाकिटं मांडून बसते तेव्हा दिवसभर तो माझ्यासमोर असतो. आता कुणी उठून जात नाही. लोक त्याला कुठे कुठे घेऊन जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पहिल्यांदा तो मला न विचारता गेला होता. आता मी पाठवते.

कागद नसला तर हॉल्स्टेड पलीकडच्या गावात जाईल. तिथेही व्हॅनिला आहे, आणि त्यांच्याकडे मेलेले भाऊही असतील.

सही कर. तुझ्या आईला विचारायचं कारण नाही, आपल्यात तसं विचारत नाहीत. हे मी मागत नाहीये. मी तुझी आत्या आहे.

लेसिएली

&nbsp;

क्वीनबियन
१६ ऑक्टोबर १९९७

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. त्यासाठी आधी मी काय लिहिलं होतं ते सांगावं लागलं. ती इस्त्री करत ऐकत राहिली. भुवईतल्या फटीचं आलं तेव्हा तिचा हात थांबला. "मला वाटायचं त्यांना सगळं माहीत असतं," म्हणाली. मग पुन्हा इस्त्री सुरू.

पत्र संपल्यावर म्हणाली, "करून टाक सही. आत्या आहे तुझी."

"पण तुला चालेल का?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"चालेल की. न चालून काय करणार? दुकानात त्या सामानाच्या रांगेत जायचं नाही, झालं." तिने शर्टाची घडी घातली. ती तिला पटली नाही, म्हणून मोडून पुन्हा घातली. "लोक व्हॅनिला घेणार आणि पाकीट टाकणार. त्यात त्यांचा काय दोष? पण मी कुठले कुठले डबे उघडू, तोकी?"

आत्या, मी सही करणार नाही.

हे वाक्य लिहिण्यात तीन संध्याकाळी गेल्या. आधी वाटत होतं की मिसेस पिकेट नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. त्या हो म्हणाल्या. मग वाटलं, आई नाही म्हणेल आणि मी फक्त तिचा निरोप पोचवीन. तीही हो म्हणाली. आता नाही म्हणायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुम्हाला नाही म्हणायचा मला अधिकार नाही, हे मी जाणते. माझ्या लग्नात तुमची जागा रिकामी राहिली तर लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे, आणि सामिसोनी बातम्या पोचवतो म्हणून ते लग्न ठरायच्या आधीच म्हणतील. हॉल्स्टेड पलीकडच्या गावात गेला तर पुढचा सगळा हंगाम तुम्ही माझ्यामुळे बंदरावर बसाल. याचा विचार न करता लिहिते आहे असं कृपा करून समजू नका. सध्या मी दुसरा कुठला विचारच करत नाही.

तुमचं म्हणणं मी कितीदा तरी वाचलं. तुम्ही दिवसभर त्यांच्याकडे बघता, ते मी कशाला काढून घेऊ? जी पाकिटं उरली आहेत ती तुमच्याजवळ राहू देत, फक्त विकू नका. पण हॉल्स्टेडच्या दुकानातून नेणारी बाई भुवई बघणार नाही. ती कात्री घेईल आणि वरून कापेल. कुठून कापायचं याची तुटक रेघ छापखान्यातल्या माणसाने बाबांच्या कपाळावरूनच काढली आहे. तुम्ही ते पाहिलं नसेल, कारण तुम्ही पाकीट कधी उघडत नाही, तुम्ही भरता.

एक सुचवू का? रागावला असाल तरी वाचा. पाकिटावर तुमचा फोटो छापा. व्हॅनिला तुमची, गोधड्या तुमच्या, गुडघे तुमचे. त्याला बायको-मुलगी कुणाची सही लागणार नाही, आणि हॉल्स्टेडला माणसाचा चेहराच हवा असेल तर तो जिवंत असलेला जास्त आवडेल. फोटो जो काढेल त्याला मात्र आधीच विचारून ठेवा, आणि लेखी घ्या.

मी तुमच्या पाठीमागे काही करणार नाही. पत्र पोचायला दोन आठवडे धरले आहेत, त्याच्या आत मी तो कागद कुणाकडे देणार नाही. तुम्हाला ओरडायचं असेल तर पोस्टातून दवाखान्यात फोन करा. डॉक्टर काही म्हणणार नाहीत, मी त्यांना सांगून ठेवलं आहे की माझ्या आत्यांचा फोन येईल. मी सगळं ऐकून घेईन. बहुतेक रडेनही. पण उत्तर हेच राहील.

आई झोपली आहे, म्हणून खाली तिच्या ओळी नाहीत. या वेळी कारण खरंच तेवढंच आहे.

कागद कोरा परत द्यायला मी सोमवारी, ३ नोव्हेंबरला, जेवणाच्या सुट्टीत मिसेस पिकेटकडे जाईन.

तुमची
तोकिलुपे